अर्काचा जाणकार : प्रा. त्रिभुवनदास गज्जर

बडोदे म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सयाजीराव महाराज उभे राहतात. त्यामागोमाग लक्ष्मीविलास राजवाडा, कमाटीबाग, फैयाजखाँसाहेबांचे गाणे आणि बडोद्याचा चिवडा अशी यादी सुरू होते. या यादीत त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे नाव सहसा येत नाही. मी रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन वर्षे बडोद्यास होतो, म्हणून मला ते ठाऊक झाले. तेथल्या अभियांत्रिकी शाखेला जुने लोक आजही कलाभवनच म्हणतात, आणि शहराच्या एका भागाला अलेंबिक हे एका कारखान्याचे नाव कायमचे चिकटले आहे. या दोन्ही नावांच्या मुळाशी एकच माणूस आहे हे कळल्यावर त्याच्याविषयी जे मिळेल ते मी वाचीत गेलो. या लेखात त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. सांगता सांगता द्राक्षे, मोहाची फुले आणि मद्यार्क यांचाही विषय निघेल. तो पिण्याच्या गोडीने नव्हे, तर रसायनशास्त्राच्या गोडीने वाचावा अशी विनंती आहे.

गज्जरांचा जन्म 1863 साली सुरतेस झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात गोपाळराव गायकवाड नावाचे मूल जन्मले. पुढे 1875 साली दत्तक जाऊन तेच सयाजीराव झाले. गज्जर घराणे सुतारांचे. ज्याच्या हाती मोजमापाचा गज तो गजधर, आणि गजधराचा गज्जर, अशी या आडनावाची उपपत्ती सांगतात. वडील कल्याणदास हे आपल्या समाजातील जाणते गृहस्थ होते आणि शिल्पशास्त्राचे त्यांना चांगले ज्ञान होते. लाकूड ओले आहे की मुरलेले, गाठ कोठे आहे, रंधा कोणत्या अंगाने चालवावा, हे सुतार पुस्तकात पाहून ठरवीत नाही. बोटांनी चाचपतो, ठोकून आवाज ऐकतो, प्रसंगी वास घेतो. अशा घरात वाढलेल्या मुलाला ज्ञानाचे हे हाताचे अंग लहानपणीच दिसले असले पाहिजे. पुढच्या साऱ्या आयुष्यात त्यांनी प्रयोगशाळेला कारागिरापासून कधी तोडले नाही, त्याचे बीज मला येथे दिसते.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले. रसायनशास्त्र हा त्यांचा आवडीचा विषय. हुशार पदवीधराला त्या काळी दोन वाटा मोकळ्या असत; एक सरकारी नोकरीची, दुसरी वकिलीची. गज्जरांनी तिसरी निवडली. 1881 साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजात ते 1886 च्या सुमारास रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून गेले. वय अवघे तेवीस. मोठ्या घुमटाची ती इमारत आजही शहराची ओळख आहे. घुमटाखाली बसून इंग्रजी पुस्तकातील समीकरणे फळ्यावर उतरवीत त्यांना सुखाने निवृत्त होता आले असते. परंतु बाहेर रंगाऱ्यांचे, विणकरांचे, सुतारांचे धंदे विलायती मालापुढे बुडत होते, आणि आत वर्गात शिकवली जाणारी विद्या त्यांच्या काही उपयोगी पडत नव्हती. ही दरी त्यांना सलत होती.

तरुण महाराजांनाही तीच काळजी होती. दोघांच्या विचारातून 1890 साली कलाभवन उभे राहिले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम व स्थापत्य, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे शिकवीत. हिंदी चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनीही आरंभीच्या काळात या कलाभवनात शिक्षण घेतले. या संस्थेचा खरा विशेष म्हणजे तेथले शिक्षण देशी भाषांतून देण्याचा आग्रह. रंगाऱ्याच्या मुलाला रसायन शिकायचे असेल तर त्याने आधी दहा वर्षे इंग्रजी शिकावे, हे गज्जरांना मान्य नव्हते. यासाठी पाठ्यपुस्तके हवीत, आणि पुस्तकांसाठी शब्द हवेत. महाराजांनी या कामी 50,000 रुपये मंजूर केले. त्यातून सयाजी ज्ञानमंजूषा ही ग्रंथमाला निघाली. अनेक भाषांच्या पारिभाषिक शब्दकोशाची योजनाही गज्जरांनी हाती घेतली होती.

त्यांचा खास विषय रंगांचा. यातली एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही. म्हणून जुने रंगारी निळीचे पिंप आंबवीत असत. आंबण्याच्या क्रियेत नीळ विरघळण्याजोगी होते. सूत बुडवून वर काढले की हवा लागते आणि पिवळट हिरव्या धाग्यावर डोळ्यांदेखत निळा रंग चढतो. पिंप नीट आंबले की बिघडले, हे रंगारी वासावरून, फेसावरून व पृष्ठभागावरील तवंगावरून ओळखीत असे. द्राक्षरस आंबविणारा फ्रान्समधील शेतकरी नेमके हेच करतो. रंगाऱ्याचे पिंप आणि मद्य करणाऱ्याचे पिंप ही या दृष्टीने सख्खी भावंडे. दोघांच्याही कामी अदृश्य सूक्ष्मजीव राबतात, आणि दोघांनाही नाकाचा भरवसा धरावा लागतो.

हे सूक्ष्मजीव लुई पाश्चर यांनी जगाला दाखविले. 1856 साली ते लील येथे प्राध्यापक असताना त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या कारखान्यात बीटच्या रसापासून मद्यार्क काढताना पिंपे आंबट पडू लागली. पाश्चर सूक्ष्मदर्शक घेऊन कारखान्यात गेले. चांगल्या पिंपात त्यांना यीस्टच्या वाटोळ्या पेशी दिसल्या, बिघडलेल्या पिंपात निराळेच बारीक जीव. पुढे 1863 साली, म्हणजे गज्जरांच्या जन्मवर्षीच, फ्रान्सच्या बादशहाने त्यांच्यावर द्राक्षमद्य का नासते हे शोधण्याची कामगिरी सोपविली. आर्ब्वा गावच्या द्राक्षमळ्यांच्या परिसरात त्यांनी प्रयोग केले आणि मद्य 50 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापविले असता ते टिकते हे दाखवून दिले. आज घरोघरी येणारे पाश्चराइज्ड दूध हे त्या द्राक्षमद्याचेच देणे. एका प्राध्यापकाने विद्यार्थ्याच्या घरच्या धंद्यात लक्ष घातले, त्याचे हे फळ. गज्जरांचे सारे जीवन मला याच मार्गावरचे वाटते.

1896 च्या सुमारास ते बडोदे सोडून मुंबईस आले. विल्सन कॉलेजात ते शिकवीत आणि गिरगावात त्यांनी स्वतःची टेक्नो-केमिकल प्रयोगशाळा काढली. ते दिवस प्लेगचे. आयोडीन टरक्लोराइड या द्रव्याचा प्लेगवर उपाय म्हणून त्यांनी पुरस्कार केला. याच सुमारास मुंबईत दुसरे एक प्रकरण गाजत होते. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी मुंबई शहराला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा भेट दिला होता. 1896 साली कोणी तरी रात्री त्यावर डांबर ओतले. ते काम चापेकर बंधूंचे, हे मागाहून उघड झाले. डाग काही केल्या निघेना. तो दगडाला इजा न होता काढण्याचे काम गज्जरांनी केले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. राष्ट्रीय वृत्तीच्या माणसाने राणीचा पुतळा धुवावा का, असा प्रश्न आज कोणी विचारील. त्यांच्यापुढे तो रसायनशास्त्राचा प्रश्न म्हणून आला आणि त्यांनी तसाच सोडविला, असे मला वाटते. ज्याने दगडाची आणि डागाची पारख केली, त्याला डाग कोणी पाडला याच्याशी त्या घटकेस कर्तव्य नव्हते.

मग मोत्ये आली. पिवळट, निस्तेज मोत्यांना पुन्हा पाणी चढविण्याची रासायनिक रीत त्यांनी शोधली. मुंबई हा मोत्यांचा मोठा बाजार, त्यामुळे पैसा अमाप मिळाला. त्याबरोबर कोर्टकज्जेही आले, आणि त्यांत आयुष्याची बहुमोल वर्षे गेली. त्यांच्या चरित्रातील ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शोध लावणे आणि शोधाचा धंदा करणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसते. त्यांची अधिक टिकाऊ कमाई मात्र तिजोरीत नव्हती. ती होती त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांत.

त्यांतले दोघे म्हणजे कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन, एक मराठी, एक गुजराती. गुरूच्या प्रेरणेने आणि सहभागाने या दोघांनी 1907 साली बडोद्यास अलेंबिक केमिकल वर्क्स उभारले. माल कोणता? मद्यार्क आणि टिंक्चरे. हे ऐकून काही जण नाक मुरडतील, म्हणून थोडा खुलासा करतो. कुचल्याचे बी असो की सिंकोनाची साल, त्यातील औषधी द्रव्ये नुसत्या पाण्यात पुरेशी उतरत नाहीत. त्यांना मद्यार्क लागतो. आपल्या रानातला कुचला बोटीने विलायतेस जाई आणि तेथून बाटलीबंद औषध होऊन दसपट किमतीने आपल्याच दवाखान्यात परत येई. मधे होते काय? चांगला, शुद्ध मद्यार्क आणि त्याचे शास्त्र. तेवढे घरी आले की औषधांचा धंदा घरी येणार होता. बंगालमध्ये प्रफुल्लचंद्र रॉय यांनी हाच विचार करून बेंगॉल केमिकल ही कंपनी उभी केली होती. स्वदेशीची चळवळ जोरात असताना निघालेल्या या कारखान्यांनी घोषणा थोड्या दिल्या आणि बाटल्या पुष्कळ भरल्या. 1914 चे महायुद्ध सुरू झाले, जर्मन रंग आणि औषधे येईनाशी झाली, तेव्हा या दूरदृष्टीचे मोल सर्वांना पटले.

अलेंबिक हा शब्दच पाहण्यासारखा आहे. अरबी भाषेत अर्क काढण्याच्या पात्राला अल-अंबीक म्हणतात. तो मूळ ग्रीक शब्द अरबांकडून युरोपात गेला. आपल्या भाषेतला अर्क हाही अरबीच. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर चढवितात. पहिल्या धारेला तेथे उर्राक म्हणतात, आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी होते. कृती सर्वत्र एकच. आंबलेल्या रसात मद्यार्काचे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास पोचले की यीस्टच गुदमरून जाते. त्याहून तीव्र हवे असेल तर भट्टी लावावी लागते. मद्यार्क 78 अंशांवर उकळतो, पाणी 100 अंशांवर; या फरकावर सारा खेळ चालतो. साधे ऊर्ध्वपातन कितीही वेळा केले तरी मद्यार्क 95-96 टक्क्यांच्या पुढे जात नाही, हे आमचे विद्यार्थी परीक्षेत लिहितातच.

बडोद्याच्या पूर्वेस छोटा उदेपूर, पंचमहाल या बाजूला मोहाची झाडे विपुल. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची मांसल फुले टपटपा खाली पडतात. वाळविलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक साखरच असते. आदिवासी ती खातात, साठवितात, आणि त्यांपासून दारूही काढतात. त्यांच्या देवकार्यात ती लागते. या फुलांची इंग्रज सरकारला इतकी धास्ती की, 1892 साली मुंबई इलाख्यात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांपुरता मोहफुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा झाला. अबकारीचे उत्पन्न बुडू नये हा हेतू. म्हणजे एकीकडे रानातल्या माणसाची भट्टी बंद झाली, दुसरीकडे विलायती मद्यार्क औषधाच्या रूपाने येत राहिला. या दोहोंच्या मधल्या जागेत गज्जर आणि त्यांचे शिष्य उभे होते. रानातल्या माणसाला ठाऊक असलेली क्रिया त्यांनी काटेकोर मापाखाली आणली आणि तिला औषधाच्या कामी लावले.

गज्जर 1920 साली वारले. त्यांच्या मागे अलेंबिक वाढत गेले. पुढे कारखान्याने स्वतः काच करावयास घेतली आणि येरा नावाचे काचेचे पेले आपल्या घरोघर पोचले. 1949 साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा झाला, आणि 1960 साली गुजरात वेगळा झाला तेव्हा तो तेथे कायम राहिला; आजही आहे. औषधी मद्यार्काच्या पायावर उभी राहिलेली उद्योगनगरी दारूबंदीच्या राज्यात नांदते आहे, यात मला विसंगती दिसत नाही. 1961 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते अलेंबिकमध्ये पेनिसिलिनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. पेनिसिलिन हेही किण्वनाचेच अपत्य. सूक्ष्मजीव पाळणे, त्यांना खाऊ घालणे, ते बिघडू न देणे, ही विद्या एकदा हाती आली की तिच्यातून काय काढावयाचे हे समाजाने ठरवावे.

आता हे सगळे आपल्या या सीमाभागात कशासाठी सांगावयाचे? आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना लालबाग ठाऊक आहे. ती सजविणारे क्रुंबिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ 1893 साली प्रथम बडोद्यासच आले होते आणि 1908 साली म्हैसूर दरबारच्या सेवेत गेले. म्हणजे बडोद्यातून विद्या इकडे येण्याची वाट जुनीच आहे. शिवाय तासगाव, विजयपूर, बागलकोट हा द्राक्षांचा मुलूख आपल्या अंगणातलाच. महाराष्ट्राने 2001 साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले, कर्नाटकाने 2007 साली द्राक्षमद्य मंडळ स्थापिले. नाशिककडे मद्याच्या द्राक्षांचे मळे उभे राहिले. आपले काही विद्यार्थी अशा कारखान्यांत नोकरीस लागले आहेत. आमच्या जिभेला द्राक्षासव ठाऊक आहे. धायटीची फुले घालून आंबविलेली द्राक्षारिष्टाची बाटली पुष्कळ घरांत असते. परंतु परीक्षक म्हणून चव घेणे हे निराळे शास्त्र आहे.

ते अवघड नाही, पण शिकावे लागते. आधी पेला उजेडात धरून रंग आणि नितळपणा पाहावयाचा. मग वास, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग नाकाचा असतो. सर्दी झाली की आमटी बेचव का लागते ते आठवावे. शेवटी घोट तोंडात घोळवून गोडी, द्राक्षातील टार्टरिक आम्लाचा आंबटपणा आणि सालीबियांतील टॅनिनचा तुरटपणा निरनिराळा ओळखावयाचा. व्यवसायाने चव घेणारा माणूस घोट गिळीत नाही, थुंकून टाकतो. त्याला नशा नको असते, निवाडा हवा असतो. हाच निवाडा चहाच्या, गुळाच्या आणि हळदीच्या बाजारातला जाणकार करीत असतो.

अडचण येते ती शब्दांची. आमच्या नोकरीस लागलेल्या मुलांना चवीची परिभाषा इंग्रजीतून, तीही फ्रेंच वळणाने, पाठ करावी लागते. त्यांनी कधी न पाहिलेल्या फळांचे वास त्यांना आठवावयास सांगतात. करवंद, जांभूळ, कोकम, ओली माती, नवा गूळ हे वास त्यांच्या ओळखीचे आहेत, पण त्यांची नावे त्या तक्त्यात नाहीत. गज्जरांनी शब्दकोशाची योजना आखली ती नेमकी याच अडचणीवर. शब्द आपले नसतील तर पारख उसनी राहते, आणि उसन्या पारखेचा माणूस दुसऱ्याच्या हाताखालीच राबतो. ग्रंथमालेत आणि कोशात त्यांनी हात घातला तो यासाठी. ते काम त्यांच्या हातून पुरे झाले नाही, आणि त्यांच्यानंतर कोणी तितक्या तळमळीने हाती घेतले नाही. आजही आपल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र मराठीतून किंवा कन्नडमधून शिकविले जात नाही. मीही ते इंग्रजीतूनच शिकवितो.

गज्जरांच्या नावावर मोठा सिद्धांत नाही. त्यांनी डाग काढले, मोत्ये उजळली, रंगारी शिकविले, आणि दोन शिष्यांना एक भट्टी लावून दिली. तरीही शंभराहून अधिक वर्षे त्या भट्टीची धग विझलेली नाही. या वर्षी आमच्या विभागात किण्वनाच्या प्रात्यक्षिकाबरोबर चवीच्या व वासाच्या शब्दांची एक वही ठेवावी, एका पानावर मराठी, समोरच्या पानावर कन्नड, असे मी सुचविले आहे. ज्यांच्या घरी द्राक्षबाग, गुऱ्हाळ किंवा काजूची भट्टी आहे अशा विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून तीत भर घालावी. वही विभागाच्या टेबलावर आहे, आणि तिची बरीच पाने अजून कोरी आहेत.